सरांचं खरंखुरं दार

"यंदाच्या नाटकात एकही वस्तू खोटी दिसता कामा नये!" सरांनी ठणकावून सांगितलं. सर म्हणजे नाट्यगृहाचे कलासंचालक. कोणतं नाटक करायचं, कुणी करायचं, कसं करायचं, सगळं त्यांच्या शब्दावर! त्यामुळे चहा खरा, आरसा खरा, आणि घराचं दारही खरं. प्रयोगाच्या दिवशी सकाळी सुताराने दाराला कुलूप बसवलं. दार ओढलं की आपोआप बंद, आणि मग आतून-बाहेरून कुठूनही चावीशिवाय उघडायचं नाव नाही! सरांनी खूश होऊन चावी खिशात टाकली.

त्या संध्याकाळी सरांची बायको येणार होती. बिचारी इस्पितळात परिचारिका. पाळी नेमकी संध्याकाळची, म्हणून अकरा वर्षांत तिने नवऱ्याचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. आपण नक्की काय करतो ते तिला आज एकदाचं दिसेल, असं सर सकाळपासून भेटेल त्याला सांगत होते.

पहिल्या अंकात नायिका रुसून, दार धाडकन ओढून निघून गेली. टाळ्या! दुसऱ्या अंकात ती परत आली, दार ढकललं. दार ढिम्म हलेना.

"अहो, दार उघडा ना!" हे वाक्य नाटकात नव्हतं.

आत नायकाने मूठ फिरवली, खांदा लावला. अख्खी भिंत थरथरली. "आधी... आधी माफी माग!"

"मागितली! उघडा!"

"अशी नाही! मनापासून माग!"

खरं तर भिंत चार पावलांवर संपत होती. नायिकेला वळसा घालून येता आलं असतं. पण गेल्या वर्षी एक नट तसा आला, तेव्हा सरांनी त्याला सगळ्यांदेखत असं झापलं होतं की बाकीच्यांनी कानाला खडा लावला. ती बापडी दाराला टेकून माफी मागत राहिली.

शेवटच्या रांगेतल्या सरांचा हात खिशावर गेला, आणि त्यांना दरदरून घाम फुटला. ते धावत सुटले. मागच्या अंधारात बादलीला अडखळले आणि भलत्याच बाजूने, भिंतीच्या वळशातून, थेट दिवाणखान्यात अवतरले!

"तुम्ही कोण?" नायक गांगरून म्हणाला.

"मी? कुलूपवाला!"

सरांनी दार उघडलं, आणि टेकून उभी असलेली नायिका सरांच्याच गळ्यात पडली. प्रेक्षक हसून लोळायचे बाकी होते.

प्रयोग संपला. सर मेकअपच्या खोलीत डोकं धरून बसले होते. बायको आली आणि शेजारी बसून रुमालाने त्यांचं कपाळ पुसू लागली.

"अकरा वर्षांनी आलीस, आणि हे पाहिलंस," सर पुटपुटले.

"अहो, किती दिवसांनी पोटभर हसले मी! आणि तुम्ही कसे धावलात! एवढा जीव टाकता होय कामावर?"

सरांना भरून आलं.

"कुलूप मात्र पक्कं होतं हो," ती म्हणाली.

"असणारच! आमचा सुतार म्हणजे कसबी माणूस. सांगितलं की तासाभरात काम करून देतो!"

"हो का? मग आपल्या बाथरूमची कडी तीन महिने सुतळीने का बांधून ठेवलीय?"