जपानी पद्धतीचा कोरा चहा

एका रविवारी मी तासभर गप्प बसायचं ठरवलं. एवढंच. त्याचे परिणाम रोह्यापासून पेणपर्यंत झाले, आणि दोन्हीकडची माणसं ते तिखटमीठ लावून सांगत सुटली, म्हणून खरी हकिकत मीच लिहिलेली बरी. (बातमीदाराने स्वतःची बातमी करू नये, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो. ते सध्या बाजूला ठेवा.)

उभा जन्म मी रोह्यात बातमीदारी केली. खड्डे, गटारं, निकृष्ट बांधकाम. मला बघून वाट न बदलणारा ठेकेदार तालुक्यात उरलेला नाही, याचा मला अभिमान होता. मुलगी लग्नाची होईपर्यंत होता. दिशाची दोन स्थळं माझ्यामुळे फिसकटली. पहिल्या मुलाच्या वडिलांना मी चहा पिता पिता त्यांच्या गावच्या पाण्याच्या टाकीचा ठेका नेमका कोणाच्या मेव्हण्याला गेला ते विचारलं. मेव्हणा शेजारीच बसला होता. दुसऱ्यांचं म्हणणं पडलं की महामार्ग आता बरा झाला आहे. मी त्यांना त्यांच्याच गाडीत बसवून रस्ता दाखवायला नेलं. खांब गावाजवळ गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं. मुद्दा मी जिंकलो, स्थळ गेलं.

तिसरं स्थळ पेणच्या मोकलांचं. मुलगा आदर्श, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवतो. हे स्थळ दिशाने स्वतः पसंत केलेलं. दोघांनाही जपानी कार्टूनं बघायचा नाद. (कार्टून म्हटलं की दिशा म्हणते, "बाबा, ॲनिमे." मी म्हणतो, हलती चित्रं म्हणजे कार्टून. यावरही आमचं वाजलेलं आहे.) या वेळी ती भांडली नाही. शांतपणे म्हणाली, "बाबा, हे मोडलंत तर मी परत कोणालाच बघणार नाय. आणि तुमच्याशी बोलणारही नाय."

ती आईवर गेली आहे. आमच्या घरात शांतपणे बोललेलं वाक्य म्हणजे अंतिम निकाल असतो.

नमिता, म्हणजे माझी पत्नी, त्यावर म्हणाली, "पाहुणे असेपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाय."

"अगं, मुलीचा बाप मी. मुका बसू?"

"व्हय."

आता माणूस मुका बसला तर वेंधळा दिसतो. मुका बसूनही भारदस्त दिसायचं कसं, या विवंचनेत मी दिशाच्या शेजारी बसून ती ॲनिमे बघितली. आणि मला उत्तर सापडलं. त्या मालिकांत किती का मारामाऱ्या होईनात, अधूनमधून सगळे चहाला बसतात. बसकं टेबल, खाली चटई, अंगण दिसेल असं दार उघडं. एक म्हातारा डोळे मिटून दोन्ही हातांनी पेला धरतो. वाफ अशी चितारलेली की आपल्याला वास यावा. कोणी अवाक्षर बोलत नाही. म्हातारा एक घोट घेतो, "हं" म्हणतो, आणि समोर बसलेला कालचा वैरी आपल्या पेल्यात बघून रडू लागतो. मालिका संपेपर्यंत तो घरचा झालेला असतो.

मी थक्क झालो. आमच्याकडे चहा आला की भांडणाला तोंड फुटतं. तिकडे चहा आला की मिटतं. शिवाय मुलाला या गोष्टींची आवड. एका दगडात... असो. मी ठरवलं, मोकलांना चहा द्यायचा तो जपानी पद्धतीने.

दिशा म्हणाली, "बाबा, प्लीज असलं काही करू नका." नमिता म्हणाली, "करू दे गो. तेवढ्यात गप तरी बसतील." आमच्या घरातल्या सर्वांत शहाण्या बाईने आयुष्यात केलेली ही दुसरी चूक. (पहिलीच्या वेळी मी मुंडावळ्या बांधून उभा होतो.)

रविवारी सकाळी मी कामाला लागलो. सोफा, खुर्च्या, टीपॉय सगळं शेजारच्या प्रविणच्या पडवीत नेऊन ठेवलं. जमिनीवर सतरंज्या आणि चटया अंथरल्या. जपानी खोलीत एका कोनाड्यात एकच चित्र आणि त्याखाली एकच फूल असतं. आमच्या घरात चित्र म्हणजे गॅस एजन्सीचं कॅलेंडर, ते शोभेना. मग माझा जुना सत्काराचा फोटो लावला. फोटोत डोक्यावर भरगच्च केस आहेत. खाली पितळी तांब्यात एक पांढरं फूल. डासांसाठी उदबत्ती. किमोनो नव्हता, म्हणून पांढरा झब्बा-लेंगा.

चहा मेडिकलमधून आणला, वजन कमी करायचा, हिरवा. दुधाशिवाय, साखरेशिवाय. जपानी लोक तो नुसता गरम पाण्यात घालतात, हे मला कमी वाटलं. मी आपल्या रिवाजाप्रमाणे चांगला खळखळून उकळला. तो काळा झाला. ॲनिमेत चहात काडी उभी तरंगली की शुभ मानतात, म्हणून प्रत्येक वाटीत अंगणातल्या तुळशीची एक काडी सोडली. (कानाचे कप प्रविणकडे गेलेल्या टीपॉयवर राहिले होते. वाट्या जास्त जपानी दिसल्या.)

मग मी गुडघे मुडपून, टाचांवर बसलो. दाराकडे पाठ. डोळे मिटलेले.

मोकल मंडळी आली. आदर्श, त्याचे वडील जनूशेठ, आजी ठमाबाई आणि मामा नितेश. नितेश धाटावला कंपनीत आहे, रोह्यात सगळे त्याच्या ओळखीचे. मी उठून "या" म्हणायला हवं होतं. पण एक तर बंदी, आणि दुसरं म्हणजे पाय. टाचांवर बसून पाय असे बधिर झाले होते की कमरेखाली कोणी दुसराच माणूस बसलाय असं वाटत होतं. हललो की मुंग्यांची कळ डोक्यात जायची. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी न बोलता हाताने चटई दाखवली.

मंडळी दारातच थबकली. मग एकेक करून, आवाज न करता, खाली बसली. मला वाटलं, काय वातावरण तयार झालंय.

नमिताने वाट्या आणल्या. जनूशेठनी आत बघितलं. काळा चहा, वर तुळस. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे, फुलाकडे, उदबत्तीकडे बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कधी झालं?" ते हळूच म्हणाले.

मी म्हाताऱ्यासारखे डोळे मिटले. "हं."

"अचानक?"

"हं."

"तरणाच दिसतो फोटोत. भाऊ का?"

मला प्रश्न कळेना, पण समोरचा हळवा होतोय हे दिसत होतं. अगदी मालिकेसारखं. मी दोन्ही हातांनी वाटी धरली. "हं."

आदर्शचे डोळे मात्र चमकले होते. तो नीट टाचांवर बसला, वाटी फिरवून धरली आणि कुजबुजला, "बाबा, हे तर ॲनिमेतलं..."

"गप," जनूशेठ म्हणाले. "लोकांच्या घरात काय झालंय, आणि तुझं काय चाललंय. मोबाईल आत ठेव."

नितेश फोन घेऊन बाहेर गेला. तो परत आला तेव्हा ठमाबाईंनी चहाचा घोट घेतला होता. खाडीकाठची बाई, अशा प्रसंगी काय करायचं ते तिला कोणी शिकवायला नको. तिने वाटी खाली ठेवली, नमिताला जवळ ओढलं आणि मोठ्याने गळा काढला. "गो बाय माजे, कसा गो घात झाला तुजा..."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. आमच्याकडे सुतकात घरात दूध आणत नाहीत. मयताच्या घरी गेलेल्याला कोराच चहा मिळतो. तिथे कोणी "या" म्हणत नाही, खुर्च्या नसतात, आणि तुळस कोणाच्या तोंडात ठेवतात हे वेगळं सांगायला नको. मी माझ्या मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमात एक संपूर्ण मयत उभं केलं होतं. फक्त प्रेताची सोय राहिली होती.

नमितालाही कळलं असावं, कारण तीसुद्धा रडू लागली. खरंखुरं. तिसरं स्थळ डोळ्यांदेखत चाललं होतं.

बोलावं तर बंदी. न बोलावं तर सुतक. मी नमिताकडे बघितलं, ती ठमाबाईच्या खांद्यावर. जनूशेठ उठत म्हणाले, "लग्नाचं आता काय बोलायचं? तेरावं होऊ दे. मग बघू." त्या "बघू"चा अर्थ मी चांगला ओळखतो. आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि त्या फटीत दिशाचा चेहरा दिसला. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने माझ्याकडे बघणं संपवलं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. मग परत वाजलं. मग वाजतच राहिलं.

नितेशने बाहेर जाऊन शिफ्टच्या मित्राला एवढंच विचारलं होतं की मरवड्यांच्या, म्हणजे आमच्या, घरी कोण गेलं. मित्राने ते ग्रुपवर विचारलं. आणि मरवडे म्हटल्यावर रोह्यात दुसरं कोण आठवणार? अंगण भरलं. ठेकेदार आले, टँकरवाले आले, मी ज्यांची बिलं अडकवली ते आले, ज्यांची नावं छापली ते आले. सकाळपाळीची माणसं गाड्या वळवून वरशाला, आमच्या दारी आली. सगळ्यांत पुढे दत्तात्रेय ठेकेदार, हातात झेंडूचा हार. मी दाराकडे पाठ करून बसलेलो, म्हणून त्याला आधी फोटो दिसला. त्याने मान लववली, पुढे आला, आणि मी वळलो.

त्याचा चेहरा पडला. इतका प्रामाणिक शोक मी त्या माणसात पूर्वी पाहिला नव्हता.

"तुम्ही... हाय?" तो म्हणाला.

"हाय," मी म्हणालो. बंदी मोडली. मोडायला आता काही उरलंही नव्हतं.

अंगणातून कोणी तरी विचारलं, "खात्री झाली का रे?" दत्तात्रेय मागे वळून खिन्नपणे म्हणाला, "नाय. बसलेत."

मग दिशा बाहेर आली आणि तिने सगळं सांगितलं. कार्टून, चहा, काडी, सोफा कुठे आहे ते. आदर्श हसू दाबत तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. ठमाबाईंनी रडणं थांबवलं आणि तुळशीची काडी वाटीतून काढून माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. जनूशेठ अंगणातली गर्दी न्याहाळत होते. मी म्हटलं, संपलं.

"मरवडेसाहेब," ते म्हणाले, "खरं सांगतो. आम्ही आज नाय म्हणायला आलो होतो. पेणमध्ये कळलं, तुमचं रोह्यात एका माणसाशी पटत नाय. अशा घरात सोयरीक कशी करायची? पण नुसती वावडी उठली, तर एवढी माणसं कामं टाकून धावली. एवढा लोभ पेणमध्ये आमच्या नगराध्यक्षावरही नाय. आमचा होकार समजा."

मी तोंड उघडलं. ही माणसं कशासाठी धावली होती ते मला पक्कं ठाऊक होतं, अंगणाला ठाऊक होतं, नमिताला ठाऊक होतं. समोर धडधडीत चुकीची माहिती दिली जात होती. नमिताने माझ्याकडे बघितलं. दिशाने, त्या दिवसात पहिल्यांदा, माझ्याकडे बघितलं.

मी तोंड मिटलं. उभ्या कारकिर्दीत मी दाबलेली ही एकमेव बातमी.

"तोंड गोड करायला घरात काय हाय का?" ठमाबाईंनी विचारलं. काहीच नव्हतं. जपानी चहाच्या भरवशावर मी साखर आणली नव्हती की दूध आणलं नव्हतं. तेव्हा दत्तात्रेयने हार दुसऱ्या हातात घेतला आणि पाठीमागे धरलेली पिशवी पुढे केली. पिशवीत पेढ्यांचा मोठा पुडा होता. त्याने तो कशासाठी आणला होता हे कोणी विचारलं नाही. जनूशेठ तेवढे म्हणाले, "बघा, म्हणजे यांना आधीच अंदाज होता."

पेढे अंगणभर वाटले. दत्तात्रेयने एक माझ्या तोंडात घातला. मला मधुमेह आहे हे त्याला माहीत आहे. रोह्यात सगळ्यांना माहीत आहे. तो माझ्या शेजारीच उभा राहिला आणि मी गिळायच्या आत, डोळ्यांत पुन्हा थोडी आशा आणून, म्हणाला, "अजून एक घ्या ना, साहेब."