चाळीस पावलं मागे

"एका माणसाच्या मागून हळू सायकल चालवायची. यात चुकण्यासारखं आहे काय?"

हे वाक्य मी आमच्या सायकल मंडळाच्या बैठकीत, बारा माणसांसमोर, छाती पुढे काढून म्हणालो होतो. त्या बारांपैकी एकही जण ते विसरायला तयार नाही.

आमचं मंडळ तसं साधं. आठवडाभर संध्याकाळी आम्ही भंगारातल्या सायकली दुरुस्त करतो आणि ज्यांना कामावर जायला सायकल लागते त्यांना देऊन टाकतो. रंगाच्या दुकानदाराने एकदाच भला मोठा डबा दिला, तो पोपटी निघाला. त्यामुळे आमची प्रत्येक सायकल पोपटी. सायकलीबरोबर एक पिवळी टोपी. टोप्यांची कल्पना माझी! "सगळ्यांच्या डोक्यावर एकच रंग असला की माणूस हरवायचा प्रश्नच नाही," असं मी पटवून दिलं होतं आणि उत्साहाच्या भरात दोनशे टोप्या शिवून घेतल्या होत्या.

उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी लांबची फेरी असते. फेरीत सगळ्यात मागून येणाऱ्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाचे तीन नियम आमच्या कॅप्टनबाईंनी घालून दिलेत. कॅप्टनबाई दातांच्या डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असताना फक्त आपणच बोलायचं, ही सवय त्यांची मंडळातही सुटत नाही. नियम पहिला, शेपटाने शेवटच्या माणसाला कधीही ओलांडायचं नाही. दुसरा, त्याला घाई वाटू नये म्हणून चाळीस पावलं मागे राहायचं. तिसरा, तो रस्ता चुकलाच तर हाका मारून लाजवायचं नाही, आपणही त्याच्या मागून चुकायचं. दोघं मिळून चुकले तर चालतं, एकटा चुकला तर हरवतो!

त्या रविवारी शेपूट मी होतो आणि शेवटचा माणूस होते माझे सासरे.

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सहा महिन्यांपूर्वी झालेलं. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली आणि त्यांनी थेट बावीस किलोमीटरच्या फेरीत नाव दिलं. बायकोचा जीव टांगणीला लागला. आदल्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबांना नजरेआड होऊ द्यायचं नाही. आणि त्यांना कळूही द्यायचं नाही!"

दुसरी अट अवघड होती. सासरे चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. चौतीस वर्षं शेवटच्या डब्यात उभं राहून अख्खी गाडी सांभाळलेल्या माणसाला 'तुम्हाला सांभाळायला मी मागे आहे' असं सांगितलं असतं, तर त्यांनी मलाच लाल झेंडी दाखवली असती. म्हणून मी एक गोड थाप मारली.

"बाबा, खरं शेपूट तुम्हीच हं! मी आपला नुसता पिशवी वाहणार."

"नियम काय आहेत?" त्यांनी चष्मा लावला. मी तिन्ही नियम सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले. मला हसू आलं. ते तेव्हाच आवरायला हवं होतं.

सकाळी सासरे कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पिवळी टोपी आणि गळ्यात जुनी शिट्टी अशा थाटात हजर! पोपटी सायकल मीच मंडळातून आणून दिली होती. "खिशातून पडतो," म्हणून त्यांनी आपला फोन माझ्या पिशवीत टाकला. पिशवीत पंप होता, पंक्चरचं सामान होतं आणि सहा किल्ल्या होत्या. फेरी जिथे संपणार त्या वाचनालयाच्या अंगणात सहा सायकली आदल्या दिवशीच कुलूप लावून ठेवल्या होत्या. दहा वाजता सहा जणांना त्या द्यायच्या होत्या.

तासभर सगळं झकास चाललं. पुढे मंडळ, मग सासरे, मग चाळीस पावलांवर मी. पूल ओलांडला आणि छापखान्याच्या कोपऱ्यावर माझी चेन पडली. मी खाली वाकलो. चेन अशी अडकली की कोपरापर्यंत काळा झालो, तेव्हा कुठे बसली. मान वर केली, तर पोपटी सायकल, पांढरा शर्ट, पिवळी टोपी डावीकडच्या गल्लीत वळत होती.

रस्ता सरळ होता. बाबा चुकले!

हाक ओठांवर आली होती, ती गिळली. नियम म्हणजे नियम! मी गुपचूप मागे लागलो. पुढे चढ आला आणि बाबा चक्क सीटवरून उठून, उभ्याने पेडल मारत वर गेले! माझा ऊर भरून आला. काय तो गुडघा! डॉक्टरांना पेढे द्यायला हवेत असं वाटलं.

चढ संपल्यावर एका इमारतीशी ते थांबले. टोपलीतून एक जड पिशवी काढली आणि आत शिरले. मी समोरच्या खांबाआड उभा राहिलो. दुसऱ्या मजल्यावरच्या गच्चीतून एक बाई वाकून म्हणाली, "आलात एकदाचे! किती वाट बघायची?"

मी खांबाला घट्ट धरलं. तेवढ्यात पिशवीत बाबांचाच फोन वाजला. बायको होती.

"बाबा?"

"मी आहे. फोन माझ्याकडेय. बाबा मजेत आहेत."

"दिसतायत ना तुला?"

"आत्ता... जरा एका घरी गेलेत."

"कुणाच्या?"

"एका बाईंच्या."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "कोण बाई?"

बायको फोन स्पीकरवर ठेवते हे लग्नाला अकरा वर्षं झाली तरी माझ्या लक्षात राहत नाही.

वीस मिनिटांनी बाबा बाहेर आले. पाठमोरेच सायकलवर बसले. शर्टाच्या बाह्या ओल्या होत्या. हात धुतले असतील, काहीतरी खाल्लं असेल, असं मी मनाला समजावलं. पण दोन गल्ल्या पुढे ते पुन्हा थांबले. पुन्हा पिशवी, पुन्हा जिना, पुन्हा वरून एक बाई! "बरं झालं बाई, तुम्ही आलात! रात्रभर डोळ्याला डोळा नाही!"

मी पुन्हा एका खांबाआड झालो. फोन आलाच.

"आता कुठे आहेत?" बायको.

"दुसरीकडे."

"दुसरीकडे म्हणजे?"

"दुसऱ्या बाईंकडे."

सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे गुडघा यासाठी दुरुस्त करून घेतला."

"आई, तसं नसेल हो!"

"तुम्ही पत्ता सांगा. तिथून हलू नका!"

पण बाबा हलले, मग मलाही हलावं लागलं, आणि पुढचा पत्ता मी बायकोला कळवत राहिलो. माझ्या स्वतःच्या फोनवर कॅप्टनबाईंचे अकरा कॉल येऊन गेले होते. दहा वाजून गेलेले, किल्ल्यांसाठी ओरडणार हे उघड होतं. म्हणून उचलले नाहीत. एक संसार मोडत असताना किल्ल्यांचं काय घेऊन बसायचं?

तिसऱ्या इमारतीसमोर खांबाआड उभा राहून मी वर बघतोय तोच बायको आणि सासूबाई स्कूटरवरून येऊन थडकल्या. सासूबाई घरातल्याच सपाता घालून आल्या होत्या.

"कितवा मजला?"

"पहिला. पण आई, आधी मी एकटा..."

त्या जिना चढूनही गेल्या! दार उघडंच होतं. घरातली बाई हातात बादली घेऊन उभी होती, तिला बाजूला सारून सासूबाई थेट स्वयंपाकघरात. ओट्याखालच्या कपाटातून दोन पाय बाहेर आलेले. शेजारी फरशीवर पिवळी टोपी.

"बाहेर या!" सासूबाई गरजल्या. "बेचाळीस वर्षं संसार केला मी! घरात स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही आणि इथे परक्या बाईच्या मोरीत लोळताय?"

पाय दचकले. आत डोकं आपटल्याचा आवाज आला. मग पान्हा हातात घेतलेला, दाढीवाला, तिशीचा एक तरुण कपाटातून सरपटत बाहेर आला.

"काय झालं मावशी? तुमचाही नळ गळतोय का?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो माझ्याकडे बघून हसला.

"साहेब, तुम्ही! मागच्या उन्हाळ्यात तुम्हीच मला सायकल दिलीत. टोपीसुद्धा! एक मागितली तर चार दिल्यात."

"माझे बाबा कुठे आहेत?" बायकोने विचारलं.

सकाळपासून मी एका नळवाल्याची राखण करत होतो. आणि तो म्हातारा माणूस, दुखरा गुडघा घेऊन, या उन्हात, फोनशिवाय! त्यांचा फोन माझ्या पिशवीत, त्यांची मुलगी माझ्यासमोर. खरं सांगतो, मी इतका घाबरलो की मला तिच्याकडे बघवेना. बायको रडत गच्चीत धावली आणि रस्त्याकडे तोंड करून जीव खाऊन ओरडली, "बाबाऽऽ!"

खालून शिट्टी वाजली.

एक लांब, एक आखूड. समोरच्या झाडाखाली पोपटी सायकल उभी होती आणि दगडावर बसून सासरे संत्रं सोलत होते.

आम्ही तिघंही जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. बायकोने त्यांना मिठीच मारली. "बाबा, कुठे होतात तुम्ही?"

"याच्या मागे," सासरे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "चाळीस पावलांवर."

"मागे?" मी किंचाळलो.

"मग? छापखान्याच्या कोपऱ्यावर तुम्ही चेन बसवत होतात. शेपटानं ओलांडायचं नाही, म्हणून मी उलटा वळून तुमच्या मागे सावलीत येऊन थांबलो. चेन बसली आणि तुम्ही भलत्याच गल्लीत शिरलात. म्हटलं, चुकले जावईबापू! पण हाका मारायच्या नाहीत. आपणही मागून चुकायचं." त्यांनी खिशातून वही काढून नियम दाखवला. खाली रेघ मारलेली होती.

"एकदा तरी मागे बघायचंस!" बायको मला म्हणाली.

"शेपूट मागे कशाला बघेल? शेपटाच्या मागे कुणी नसतं!"

"पण अहो, निदान आम्ही आलो तेव्हा तरी समोर यायचं!" सासूबाई म्हणाल्या. आवाज रागाचा होता, पण त्यांनी सासऱ्यांच्या हातातलं संत्रं घेऊन स्वतः सोलायला सुरुवात केली होती.

"मी मध्ये कशाला पडू?" सासरे संकोचले. आवाज खाली आणून, पण मला स्पष्ट ऐकू येईल असं, मुलीला म्हणाले, "तीन इमारतींखाली हा खांबाआड उभा राहून वर गच्चीतल्या बायकांकडे बघत होता. तुम्ही दोघी आलात, मला वाटलं ह्यालाच पकडायला आलात."

बायकोने सावकाश माझ्याकडे बघितलं. नळवाला जिन्यात उभा होता, तोही बघत होता. घरमालकीण बादलीसकट गच्चीत आली होती, तीही!

आम्ही वाचनालयात पोचलो तेव्हा सव्वा अकरा वाजले होते. सहा जण पायरीवर ओळीने बसलेले, कॅप्टनबाई उभ्या. मी मुकाट्याने किल्ल्या दिल्या. सगळा प्रकार सासऱ्यांनी सांगितला, वही उघडून, वेळांसकट. कॅप्टनबाई पहिल्यांदाच कुणाचं तरी बोलणं मध्ये न तोडता ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी सासऱ्यांना मंडळाचं कायमचं शेपूट जाहीर केलं. टाळ्या सगळ्यात जोरात सासूबाईंनी वाजवल्या.

आता दर रविवारी सासरे पहाटेच आमच्याकडे येतात, शिट्टी पुसतात, माझी चेन तपासतात. निघताना बायको त्यांना दाराशी बाजूला घेते आणि हळूच सांगते, "बाबा, याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. आणि त्याला कळूही द्यायचं नाही!"

मी तिथेच, दोन हातांवर, बुटाची नाडी बांधत बसलेला असतो.