श्रावणीची जैसे थे परिस्थिती

“बिरादार मोजणीदाराने पोटच्या पोरीचा पंचनामा केला, म्हणून कोर्टाने त्याची आणि पोरीची भेट बंद केली.”

हे वाक्य निवृत्त बँक व्यवस्थापक देशपांडे यांचे आहे. नांदेडच्या आमच्या कॉलनीत सकाळी फिरून आलेले ज्येष्ठ नागरिक ज्या बाकावर टेकतात, त्या बाकावरून ते गेले कित्येक महिने हे वाक्य ऐकवत आहेत आणि ऐकणारे माना डोलावत आहेत. मी पस्तीस वर्षे मराठी शिकवले, त्यांपैकी अकरा वर्षे मुख्याध्यापक म्हणून. वाक्य तपासल्याशिवाय पुढे जाण्याची मला सवय नाही. या वाक्यातील पंचनामा खरा आहे. त्यावर पंच म्हणून माझीच सही आहे. ‘म्हणून’ हे उभयान्वयी अव्यय मात्र निखालस खोटे आहे. राहिले ‘बंद केली’ हे क्रियापद. त्याच्यासाठी हा लेख लिहावा लागत आहे.

नागनाथ बिरादार माझ्या शेजारच्या घरात राहतो. भूमी अभिलेख कार्यालयात तो भूकरमापक आहे, म्हणजे शेतांची मोजणी करून हद्दीच्या खुणा दाखवतो. वय बेचाळीस. जो माणूस वीस वर्षे दोन भावांच्या मधल्या बांधावर उभा राहून दोघांच्याही शिव्या खात आला आहे, तो सहसा कोणावर विश्वास ठेवत नाही. आणि या एका बाबतीत आमचे पहिल्या दिवसापासून जमले. दूधवाला माप मारतो असा आम्हा दोघांनाही संशय होता. त्याने पातेल्याला आतून खूण करून घेतली होती, मी घेतली नव्हती, एवढाच फरक. माझी जास्वंद कुंपणावरून चार बोटे त्याच्या बाजूला वाकली, तेव्हा तो सकाळी सकाळी येऊन उभा राहिला. “माझी हरकत न्हाई सर,” तो म्हणाला, “फकस्त तुमच्या ध्यानात असावं.” मी जास्वंद छाटली नाही. त्याने पुन्हा विषय काढला नाही, पण रोज ऑफिसला जाताना तिच्याकडे एकदा बघून जायचा.

त्याची पत्नी वर्षा मूळची लातूरची. माहेरी गेली ती तिथल्याच एका शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवू लागली. दोघांचे का बिनसले याच्या किमान सात हकिकती आमच्या कॉलनीत प्रचलित आहेत आणि सातही हकिकती सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या घरात राहत नव्हता. वर्षा मला एवढेच म्हणाली होती, “सर, ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे अर्ज केल्यासारखं वाटतं.” विधान बरोबर होते.

घटस्फोटाचा दावा लातूरच्या न्यायालयात दाखल झाला. आठ वर्षांची श्रावणी आईपाशी राहिली. नागनाथला महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार मिळाला, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आणि तोही लातुरातच. तो अंतरिम आदेश घेऊन नागनाथ माझ्याकडे आला. शेवटचे वाक्य त्याला नीट समजून घ्यायचे होते. वाक्य असे होते: ‘पुढील आदेश होईपर्यंत मुलीच्या बाबतीत जैसे थे परिस्थिती ठेवावी.’ मी चष्मा पुसला, वाक्य दोनदा वाचले आणि अर्थ सांगितला. ‘जैसे थे’ म्हणजे जसे होते तसे. कोणाच्या बाबतीत? मुलीच्या. तेव्हा मुलगी जशी मिळाली तशीच परत करावयाची आहे. त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, “मंजे ताब्यात घेताना स्थिती लिहून घ्यावी लागंल.”

हे देशपांडे यांना आजवर ठाऊक नव्हते. आता झाले.

माझी लेक लातूरला दिलेली आहे, त्यामुळे पहाटेच्या एसटीने मीही त्याच्यासोबत जाऊ लागलो. बसस्थानकाच्या फाटकापाशी वर्षा मुलीला आणून सोडायची आणि एक शब्द न बोलता वळायची. तिची पाठ फिरली की नागनाथ पिशवीतून पॅड काढायचा. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक मी. दुसरे माझे जावई, सासऱ्याला नाही म्हणता येत नाही या एकमेव कारणास्तव. पहिल्या पंचनाम्यातील मजकूर मला जवळजवळ पाठ आहे: ‘मुलगी नामे श्रावणी ही समक्ष हजर असून तिच्या अंगावर पिवळा फ्रॉक, चुण्या सात, डाग निरंक. वेण्या दोन, रिबिनी तांबड्या. डाव्या पायाचा मोजा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. उजव्या कोपरास जुने खरचटलेले, खपली धरलेली.’ श्रावणी ताठ उभी राहायची. तिला हा खेळ वाटायचा. दुसऱ्या खेपेपासून तर ती स्वतःच हात पुढे करून सांगू लागली, “पप्पा, हे नवीन लागलंय, हे लिवा.”

दिवस माझ्या लेकीच्या घरी जायचा. अंगणात चिंचेखाली ती मातीत खेळायची, शेजारच्या मुलींबरोबर पळायची, कैरी खायची, आणि नागनाथ पायरीवर बसून नुसता पाहायचा. त्याचे डोळे तिच्यावर असायचे आणि मधूनमधून घड्याळावर. साडेतीन वाजले की त्याचे काम सुरू होई. हातपाय धुणे, फ्रॉकवरचे डाग चोळणे, इस्त्री, चुण्या मोजणे. सर्वांत शेवटी पॅड हातात धरून तो तिचा डावा मोजा अर्धा इंच खाली ओढायचा. पाच वाजता फाटकापाशी जी मुलगी वर्षाच्या हाती जायची, ती सकाळचीच मुलगी असायची. माझ्या लेकीला हसू आवरत नसे. मला हसू येत नसे, कारण मला शंका आली होती.

शंका अशी की हा माणूस पुरावा जमवतो आहे. आज कोपराला खरचटलेले, उद्या गुडघ्याला, परवा नखे वाढलेली. अशी वीस पाने झाली की वकिलापुढे ठेवायची आणि आई मुलीकडे लक्ष देत नाही असे म्हणायचे. मोजणीच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सुचणार नाही, असे मी का मानावे? त्यात एके रविवारी श्रावणीची एक रिबीन तांबडी आणि दुसरी किरमिजी निघाली. नागनाथने दोन्ही उन्हात धरून पाहिल्या. “सर, ह्यात डाव हाय,” तो हळूच म्हणाला. “संध्याकाळी डावी-उजवी अदलाबदल झाली का बघायला पाठवल्यात.” मला ते वेड वाटायला हवे होते. मला ते पटले.

आणि दुर्दैवाने ते खरेही होते. हे मला नंतर कळले, पण वर्षालाही संशय आला होता, फक्त उलट्या बाजूने. सात तास बापाकडे राहिलेले लेकरू इतके कोरेकरकरीत परत येते कसे? केस विस्कटलेले नाहीत, फ्रॉक चुरगळलेला नाही. म्हणजे हा माणूस तिला खुर्चीवर बसवून ठेवत असणार, हलू देत नसणार. श्रावणीला विचारले की ती म्हणायची, खूप खेळले. आणि आईला वाटायचे, हे तिला शिकवून पाठवले आहे. मग तिने वेणीच्या टोकाला आपली अशी एक वेगळी गाठ मारायला सुरुवात केली. संध्याकाळी तीच गाठ परत आली. पुढच्या खेपेला तिने गाठ बदलली. तीही परत आली. दोघेही दर पंधरा दिवसांनी एका लहान मुलीच्या डोक्यावरून एकमेकांची परीक्षा घेत होते, आणि दोघेही पास होत होते.

ती गाठ परत कशी येत होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते; वेण्या आतल्या खोलीत घातल्या जायच्या आणि ते काम माझी लेक करते असे मी धरून चाललो होतो. मला एवढेच दिसले होते की आठवड्याच्या मधल्या दिवशी, ऑफिसातून आल्यावर, नागनाथ आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पदर बांधून काहीतरी करत बसतो आणि माझी पत्नी शेजारी उभी राहून त्याला बोलते आहे. मी गेलो की दोघेही गप्प. मी तिला विचारले. “तुमच्या उपयोगाचं नाही ते,” ती म्हणाली. गजाला दोरी आणि गप्प बसणारी माणसे हे दृश्य कोणाही विचारी गृहस्थाला अस्वस्थ करणारे आहे. मी दोन दिवस त्या खिडकीवर लक्ष ठेवून होतो.

मग दात पडला. चौथ्या रविवारी, दुपारी, पेरू खाताना श्रावणीचा वरचा दात पेरूतच राहिला. ती आनंदाने नाचू लागली. नागनाथने पॅड उघडले. पंचनाम्यात स्पष्ट लिहिले होते: ‘दात पूर्ण, पैकी वरचा एक हलता.’ त्याने दात रुमालात घेतला आणि ओळखीच्या एका दाताच्या डॉक्टरांना फोन करून विचारले की हा पाच वाजेपर्यंत परत बसवता येईल का. डॉक्टरांनी फोन ठेवला. शेवटी त्याने पुरवणी पंचनामा लिहिला, आम्हा दोघा पंचांच्या सह्या घेतल्या, आणि दात कागदाच्या पुडीत बांधून त्यासह वर्षाच्या हाती दिला. ‘सदर दात नैसर्गिकरीत्या पडला असून तो सोबत सादर.’

वर्षाने पुडी उघडली, कागद वाचला आणि प्रथमच आमच्याकडे तोंड करून बोलली. “तुम्ही सगळे मिळून काय करून राहिलात तिच्यासोबत?” माझे जावई दोन पावले मागे सरकले. आठवड्याभरात तिच्या वकिलांचा अर्ज दाखल झाला. मुलीला जप्त केलेल्या मालासारखे वागवले जाते, तिच्या मनावर परिणाम होत आहे, सबब भेटी तात्काळ थांबवाव्यात. नागनाथने अर्ज वाचला आणि दोन दिवस कामावर गेला नाही. वीस वर्षांत हे प्रथमच. पायरीवर बसून तो मला म्हणाला की लोकांच्या हद्दी कायम करून दिल्या, आपलीच मोडणार.

न्यायालयाने दोघांना समुपदेशक बाईंकडे पाठवले. पंच या नात्याने मीही गेलो. मला कोणी बोलावले नव्हते, ही देशपांडे यांची एक माहिती खरी आहे. बाईंनी पंचनाम्यांची फाइल शांतपणे वाचली. वर्षा शेजारी बसून तीच पाने पाहत होती. त्यात तिच्याविरुद्ध एक अक्षर असेल म्हणून ती शोधत होती, मीही तेच पाहत होतो. नखे, खपल्या, रिबिनी, हलता दात. एकही तक्रार नाही. फक्त मुलगी.

“हे कशासाठी?” बाईंनी विचारले.

“आदेश हाय म्याडम. जैसे थे.”

बाईंनी आदेश उघडला, वाचला आणि खाली ठेवला. मग त्यांनी सांगितले की जैसे थे ठेवायची ती व्यवस्था, म्हणजे मुलगी आईकडे राहील आणि ठरल्या दिवशी वडिलांना भेटेल, एवढेच. मुलगी बदलणारच. मुलीने मळायचे असते. नागनाथने त्यांच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. मी उठून उभा राहिलो आणि त्या अर्थाची जबाबदारी माझी आहे असे सांगितले. व्याकरणाच्या अंगाने तो अर्थ आजही चुकीचा नाही, हेही सांगितले. वाक्यरचनेचा दोष माझा नव्हता. बाई म्हणाल्या, “बसा आजोबा.”

तेव्हा वर्षाने विचारले, “वेणी कोण घालत होतं? सरांची मुलगी?”

“मी.”

“खोटं बोलू नका. ती गाठ माझ्या आईची आहे. पुरुषाला जमणार नाही.”

श्रावणी बाहेर बाकावर होती. तिला आत बोलावले. नागनाथने तिला पाठमोरे उभे केले, एक वेणी सोडली, आणि शेतात मोजणीची साखळी धरावी तशा ताठ बोटांनी तीन पदर केले. एकदा चुकले, त्याने पुन्हा सोडली. वर्षा पाहत होती. मी खिडकीच्या गजाला बांधलेली सुतळी पाहत होतो, म्हणजे आता मला ती समजत होती. टोकाला आल्यावर त्याने ती गाठ मारली, उलटी फिरवून, आतून ओढून. श्रावणीने मान न वळवता विचारले, “झालं का पप्पा?”

“हाव.”

मग तो वर्षाकडे न पाहता, पॅडकडे पाहत म्हणाला, “मला वाटलं, दिली तशी परत न्हाई केली, तर पुढच्या बारीला तू देणार न्हाईस.”

वर्षाने तो कागदांचा गठ्ठा पुन्हा आपल्याकडे ओढला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली, आता सावकाश. एका ठिकाणी थांबून ती म्हणाली, “ही खपली मला दिसलीच नव्हती.” तिच्या वकिलांनी घड्याळ पाहिले. तिने त्यांच्याकडे लक्ष दिले नाही.

यानंतर काय झाले याविषयी देशपांडे यांच्या बाकावर न्यायाधीशांचा संताप, फाडलेले कागद आणि नागनाथने मागितलेली माफी यांचे रसभरित वर्णन चालते. न्यायाधीशांपुढे त्या दिवशी कोणी गेलेच नाही. अर्ज वर्षाने स्वतः मागे घेतला. घटस्फोट मात्र झाला, परस्परसंमतीने, आणि तो व्हायलाच हवा होता, असे माझे मत आहे. एका मुलीची नखे नीट पाहतात म्हणून दोन माणसांनी एका घरात राहावे, असे होत नाही. अंतिम आदेशातही दुसरा आणि चौथा रविवारच आहे, दहा ते पाच. नागनाथ आता पंचनामा करत नाही. दूधवाल्यावर त्याचा संशय कायम आहे, माझ्या जास्वंदीवरही.

ज्यांना भेट बंद झाली असे म्हणावयाचे असेल त्यांनी म्हणावे. मी त्यांच्यापुढे एकच गोष्ट ठेवतो. पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी, शाळा सुटल्यावर, वर्षा स्वतः श्रावणीला लातूरच्या बसस्थानकावर घेऊन येते आणि दोन दिवसांचे कपडे देऊन नांदेडच्या बसमध्ये तिच्या बापाशेजारी बसवते. न्यायालयाच्या आदेशात शनिवार हा शब्द कुठेही नाही.