मधल्या तीन तारा

राजपालनं नवाकोरा कॅपो पाटावर आडवा घातला आणि त्याच्या रबरावर ब्लेड चालवलं, तेव्हा त्याच्या आईची भाकरी तव्यावरच करपली.

"आरं, कालच पार्सलनं आलंय न्हवं का ते? येड लागलं का तुला?"

"आई, लई भारी डोकं चालवलंय! तू बघच!"

कॅपो म्हणजे गिटारीच्या दांडीवर बसवायचा चिमटा. तो सहाच्या सहा तारा एकदम दाबतो. राजपालनं त्याच्या रबराला दोन खाचा पाडल्या. आता वरची जाड तार आणि खालच्या दोन बारीक तारा मोकळ्या राहून मधल्या तीनच दाबल्या जाऊ लागल्या. त्यानं एकदा छेडून पाहिलं आणि अंगावर काटाच आला. खुंट्यांना हातही न लावता गिटार भलत्याच सुरात बोलत होती, सगळ्या तारा उतरवून नव्यानं लावल्यासारखी! वर नुसती दोन बोटं ठेवली तरी गोड. परंड्यात दिवसभर कारकुनी करून बोटं दुखवून घेणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

त्याच तारेत त्यानं एक धून रचली आणि संघप्रियाला फोनवर पाठवली. संघप्रिया येरमाळ्याची. तुळजापुरात नर्स, आणि भीमजयंतीच्या गायनपार्टीत सगळ्यांच्या पुढं उभी राहून गाणारी. दोन्ही घरांत लग्नाची बोलणी चालू होती, रविवारी बघायला जायचं ठरलं होतं, आणि राजपाल तर फोटो बघूनच निम्मा तिकडचा झाला होता. धून ऐकून तिचा लगेच फोन आला.

"हे गिटारीचे नेहमीचे सूर न्हाईत. तारा वेगळ्या लावल्यात का?"

चिमटा कापला, एवढं सांगितलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण बाशिंग बांधायला उतावीळ झालेल्या माणसाची जीभ ताब्यात राहत नाही. "व्हय," राजपाल म्हणाला, "एकेक तार उतरवून नव्यानं सूर लावतो मी. लई साधना लागते त्याला."

"असं? मग रविवारी येताना गिटार आणा. मोबाइलवर काय, कुणाचंही वाजवणं पाठवता येतं. समोर ऐकल्याबिगर माझा होकार न्हाय."

तारा उतरवायचा प्रयत्न राजपालनं जन्मात एकदाच केला होता, तेव्हा परत चढवताना तार तुटून नाकावर बसली होती. पण चिमटा घरूनच लावून नेला तर कुणाला काय कळणार होतं? त्या हुरुपात त्यानं रविवारपर्यंत ती धून इतक्यांदा वाजवली, की आईसुद्धा भाकरी थापताना गुणगुणायला लागली.

रविवारी मायलेक येरमाळ्याला पोचले. संघप्रियाच्या वडिलांचं, ज्ञानोबांचं, घर हायवेला लागूनच. पुढं पंक्चरचं दुकान, मागं राहायच्या खोल्या. जय भीम झाला, पाणी झालं. राजपालनं गिटार चिमट्यासकट ओसरीतल्या बाजेवर ठेवली. आतून ज्ञानोबांच्या थोरल्या बहिणीनं, केशरबाईंनी, पोह्यांसाठी हाक मारली.

"तुमी खावा पाव्हणं, म्या आलोच," असं म्हणून ज्ञानोबा बाहेरच राहिले.

केशरबाईंनी आग्रह करकरून तीन बशा खायला लावल्या. मग सगळे ओसरीत आले. शेजारच्या बायका दारात उभ्या राहिल्या. संघप्रिया समोर येऊन बसली, आणि ती फोटोपेक्षाही छान दिसते हे बघून राजपालला आनंदानं घामच फुटला. त्यानं गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले, दोन बोटं ठेवली आणि झोकात हात मारला.

गिटार विव्हळली. दारातलं कुत्रं उठून गेलं.

"सुरू झालं का?" केशरबाईंनी विचारलं.

"न्हाय आत्या, सूर लावतोय," म्हणत राजपालनं उगाच देखाव्यापुरती एक खुंटी पिळली. पुन्हा वाजवलं. आता तर आधीचं बरं होतं असं वाटायला लागलं. घाबरून त्यानं चिमट्याकडं पाहिलं. रबर काळंभोर, गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड.

"ह्याला... ह्याला कुणी हात लावला?"

"म्या!" ज्ञानोबांची छाती फुगली. "उंदरानं कुरतडलं हुतं तुमचं रबर, दोन ठिकाणी. कानसनं घासलं, सोल्यूशन लावलं, ट्यूबचा पॅच ठोकला. तीस वर्सं झाली, रबराला खड्डा दिसला अन् ज्ञानोबानं तसाच जाऊ दिला, असं झालं न्हाय!"

"निघंल का हो ते?"

"निघंल? टायर फुटंल, पर ह्यो पॅच न्हाय निघायचा!"

राजपालनं नखानं खरवडून पाहिलं. नख मोडलं. "घरात ब्लेड हाय का?"

"ब्लेड?" केशरबाई चकित झाल्या. "दाढी तर गुळगुळीत हाय की तुमची!"

"चिमट्याचं ऱ्हाऊ द्या," संघप्रिया म्हणाली. "तुमी तर तारा उतरवून वाजवता न्हवं? काढा तो, अन् लावा सूर."

राजपालच्या आईनं पदर तोंडाला लावला. राजपालनं चिमटा काढला, गिटार बाजूला ठेवली आणि मान खाली घातली.

"मी खोटं बोललो. मला तारा उतरवता येत न्हाईत. दांडीवरच्या दुसऱ्या पट्टीपाशी मधल्या तीन तारा दाबायच्या, बाकी मोकळ्या सोडायच्या, येवढीच युक्ती. त्यासाठीच रबर कापलं हुतं. धून मात्र माझीच हाय, आईशपथ! पर ते आता दाखवू कसं?"

"म्हंजी... ते खड्डं मुद्दाम हुते?" ज्ञानोबा मटकन बाजेवर बसले. पंक्चर नसलेल्या जागी पॅच मारायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

राजपाल निघायचं म्हणून गिटारीची पिशवी शोधू लागला. तेवढ्यात संघप्रिया उठली आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली. तिनं गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि बोट पुढं केलं.

"कोणत्या तीन?"

राजपालनं दाखवल्या. तिनं बोट आडवं दाबलं.

"घट्ट हाय का?"

"लई... लई बरोबर हाय."

"मग आधी ती खालची बारीक तार उतरवा. मघाशी उगाच पिळलीत. आनिक थोडी. बास! वाजवा."

राजपालला दोनच तर बोटं ठेवायची होती. त्यानं तार छेडली आणि तोच सूर, अगदी तोच, ओसरीभर पसरला! संघप्रियानं मान डोलावली. दुसऱ्या फेरीला ती गुणगुणू लागली, तिसऱ्या फेरीला राजपालची आईही. दारातल्या बायकांनी ठेका धरला. राजपालला वाटत होतं, ही धून संपूच नये.

धून संपली. संघप्रियाचं बोट होतं तिथंच होतं.

ज्ञानोबा खाकरले. "संघे, झालं की. काढ बोट."

"थांबा आबा, अजून एकदा वाजवणार हायेत ते."

राजपालच्या आईनं हळूच विचारलं, "मग पोरीचं काय म्हननं हाय?"

"आता आनिक काय म्हनायचं ऱ्हायलं, बाई?" केशरबाई म्हणाल्या.

"माझी एक अट हाय," संघप्रिया राजपालकडं बघत म्हणाली. "नवा चिमटा घ्यायचा न्हाय."

"न्हाय घेत! कधीच न्हाय घेत!" राजपाल जवळजवळ ओरडलाच.

"घेऊ द्या की," ज्ञानोबा खिशातून सोल्यूशनची ट्यूब काढत म्हणाले. "म्या हाय न्हवं पॅच मारायला."