पावावर तुळशीचं पान

मानवजातीच्या पाककलेचा इतिहास नीट तपासला तर असं दिसतं, की मुळात अवघड असा एकही पदार्थ जगात नाही. दुसऱ्या कुणी करायचा असला की प्रत्येक पदार्थ सोपाच असतो. आपल्यावर आला की तो ‘करू एकदा निवांत’ या सदरात जातो, आणि तिथे तो वर्षानुवर्षं सुखरूप राहतो.

दहिवलीच्या राजेशला हे सत्य नोकरीमुळे फार लवकर उमगलं होतं. तो रसायनीच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. दुसऱ्यांनी केलेलं काम इजा न होता पार पडतंय ना, हे बघणं हे त्याचं काम. माणूस शिडीवर चढला की राजेश खाली उभा राहतो आणि वर बघतो. अशी बरीच वर्षं वर बघितल्यावर त्याचं ठाम मत झालं होतं, की कुठल्याही कामात तसं काही नसतं. (यात तथ्य आहे. खाली उभं राहून वर बघताना त्याला आजवर साधं खरचटलेलंही नाही.)

त्याची बायको नम्रता खालापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. या महिन्यात तिला बढती मिळाली आणि ती केंद्रप्रमुख झाली. राजेशला याचा मनापासून अभिमान वाटला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते कदाचित दिसणार नाही. कंपनीच्या बसमध्ये बसल्याबसल्या त्याच्या मनात आलं, आपल्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं नम्रताला ओट्याशी पाठमोरीच बघितलंय. त्याला भरून आलं. खोपोलीकडे जाणारा ट्रक मध्ये आडवा आल्यामुळे बस थांबली होती, त्यामुळे भरून यायला भरपूर वेळही मिळाला. घरी येताच त्यानं जाहीर केलं: रविवारी संध्याकाळी पार्टी, पार्टीत नम्रताचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि त्या संध्याकाळी नम्रतानं खुर्चीवरून उठायचं नाही.

“मग खायला कोण करणार?” नम्रतानं विचारलं.

“मी.”

वर्गात कधीच हात वर न करणाऱ्या मुलानं हात वर केला की शिक्षक जसे बघतात, तसं तिनं त्याच्याकडे बघितलं. “काय करणार?”

“इटालियन.”

इटालियनच का, याचं उत्तर सुरक्षाशास्त्रात आहे. बटाटेवडा केला तर दहिवलीतल्या प्रत्येकाला त्याबद्दल मत असतं. ज्या पदार्थाची चव कुणालाच माहीत नाही, तो बिघडला हेही कुणाला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याला अपघात म्हणत नाहीत. राजेशनं मोबाईलवर ‘पार्टीसाठी झटपट इटालियन स्टार्टर’ शोधून दोन प्रकार पक्के केले. पहिला ब्रुशेटा, म्हणजे भाजलेल्या पावावर लसूण घासायचा आणि वर टोमॅटो ठेवायचा. दुसऱ्याचं नाव लांबलचक होतं, पण काम एवढंच, की टोमॅटो, चीज आणि एक हिरवं पान टूथपिकला टोचायचं. व्हिडिओतली बाई हे सगळं हसत हसत करत होती. तिच्या मागे भांड्यांचा ढीग नव्हता, आणि तो कुठे गेला असेल हा प्रश्न राजेशला पडला नाही.

रविवारी दुपारी त्यानं फ्रिजवर कारखान्यातल्यासारखा कामाचा परवाना चिकटवला. कामाचं स्वरूप: स्टार्टर. जबाबदार व्यक्ती: राजेश. संभाव्य धोके: सुरी, गॅस, आई. (आई म्हणजे भागूबाई. त्या आणि राजेशचे पोपटकाका डोंगराकडच्या गावाहून टेंपोनं यायचे होते.)

साहित्याच्या बाबतीत मात्र थोडी तडजोड करावी लागली. कारखान्यात मूळ सामान मिळालं नाही की ‘समतुल्य साहित्य’ मंजूर करून घेतात. इथे मंजुरी देणारा अधिकारी राजेशच असल्यामुळे विलंब झाला नाही. इटालियन लांब पावाऐवजी शेजारच्या मोहियुद्दीनभाईंच्या बेकरीतले कडक पाव आले. चीजऐवजी पनीर आलं. ऑलिव्ह तेल कर्जतच्या मेडिकलमध्ये मिळालं, छोट्या बाटलीत, वर गुटगुटीत बाळाचं चित्र. (बाळ हसत होतं, तेव्हा तेल चांगलंच असणार.)

“अहो,” हॉलमधल्या खुर्चीवरून नम्रता म्हणाली, “बाटलीवर काय लिहिलंय ते जरा वाचा.”

राजेशनं वाचलं. ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असं लिहिलं होतं. त्यानं बाटली खाली ठेवली आणि शेंगदाण्याचं तेल घेतलं. त्या दिवसाची सुरक्षाविषयक पहिली सूचना अशा तऱ्हेनं खुर्चीवरून आली. त्यानंतरच्याही तिथूनच आल्या. मीठ कुठल्या डब्यात आहे, उजवीकडचा गॅस बटण दाबून धरल्याशिवाय पेटत नाही, लसूण सोलायच्या आधी ठेचायचा असतो, तो धूर पावाचा आहे, हे सगळं तिनं जागेवरून न हलता सांगितलं. अट काटेकोर पाळली जात होती, आणि राजेशला आपल्या नियोजनाचं कौतुक वाटत होतं.

राहिलं ते हिरवं पान. व्हिडिओतली बाई त्याला बेसिल म्हणत होती आणि ते तुळशीच्याच कुळातलं असतं असंही म्हणाली होती. राजेश बाल्कनीत गेला. समतुल्य साहित्य कुंडीतच उभं होतं. प्रत्येक पावावर एक आणि प्रत्येक टूथपिकला एक, या हिशेबानं त्यानं पानं खुडली. कुंडीत नुसत्या काड्या उरल्या. नम्रताची बाल्कनीकडे पाठ होती, त्यामुळे ही एकच गोष्ट तिच्या परवानगीशिवाय झाली.

पाहुणे आले. भागूबाई आणि पोपटकाका सोफ्यावर बसले. मोहियुद्दीनभाई आणि त्यांची बायको रुकय्याभाभी समोर बसले. राजेशनं अॅप्रन बांधूनच ताट आणलं आणि मधल्या टीपॉयवर ठेवलं. इटालियन पद्धतीत यजमानानं आग्रह करायचा नसतो, ज्याला हवं त्यानं उचलून घ्यायचं असतं, हेही त्यानं वाचलं होतं. संपूर्ण पाककृतीतला हा भाग त्याला सर्वांत जास्त आवडला होता. तो बाजूला उभा राहिला आणि बघू लागला.

भागूबाईंनी ताटाकडे पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. पोपटकाकांनी खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली आणि ते सोफ्यावरून उतरून खाली मांडी घालून बसले. मोहियुद्दीनभाईंचा हात पावाकडे निघाला होता, तो त्यांनी अर्ध्यातून मागे घेतला. रुकय्याभाभींनी ओढणी सारखी केली. राजेशला वाटलं, मंडळी भारावली आहेत.

“राजेश,” भागूबाई हळूच म्हणाल्या, “निवद दावलास का रं?”

“कसला निवद?”

“तुळस ठेवलीस नव्हं वर? मंग द्येवाला दावल्याबिगर कसं खायाचं?” एवढ्यात त्यांना वास आला. त्या ताटावर वाकल्या. “ह्यात लसूण घातलास का रं तू?”

“घातला नाही आई. नुसता घासलाय.”

“लसणाचा निवद!” भागूबाईंनी कपाळाला हात लावला.

परिस्थिती पुढीलप्रमाणे होती. वर तुळस असल्यामुळे देवाला दाखवल्याशिवाय पाव खाता येत नव्हता. आत लसूण असल्यामुळे तो देवाला दाखवता येत नव्हता. एकाच प्रकरणावर दोन खात्यांचे शेरे पडले होते आणि दोन्ही खाती आपापल्या जागी बरोबर होती. राजेशनं पानं काढून टाकायची सूचना मांडली. “ठेवलेली तुळस काढून टाकत्यात व्हय?” असं म्हणून भागूबाईंनी ती फेटाळली.

“आमी थांबतो. घाई नाय,” पोपटकाका म्हणाले. त्यांची जमीन रस्त्यात गेली आणि भरपाई अडकली, तेव्हापासून त्यांना थांबायचा उत्तम सराव आहे.

“राजेशभाऊ, पाव मऊ पडतील हां,” मोहियुद्दीनभाई म्हणाले. पाव त्यांचा होता, त्यांचा जीव तुटणं साहजिक होतं.

राजेशनं खुर्चीकडे बघितलं. “तू बस हं,” तो नम्रताला म्हणाला. “मी बघतो.”

आणि तो बघू लागला.

नम्रता उठली. तिनं पदर खोचला, ताटातली सगळी पानं एकेक करून उचलली, आत नेऊन स्वच्छ धुतली आणि वाटीभर साखरेवर ठेवली. पानं कुणी काढून टाकली नाहीत, त्यांची फक्त बदली झाली. साखरेचा नैवेद्य दाखवून तिनं वाटी भागूबाईंच्या पुढे धरली. “देवाचं देवाला पोचलं आई. राहिलेलं माणसांचं.”

भागूबाईंनी थोडा विचार केला. त्यात खोट निघेना. त्यांनी मान हलवली.

तरीही ताटाला कुणी हात लावला नाही, कारण कुणी घ्या म्हणालं नव्हतं. इटलीत काय चालतं कोण जाणे, पण खालापूरकडचा माणूस तीनदा नको म्हटल्याशिवाय घास घेत नाही, आणि तीनदा नको म्हणायला समोर तीनदा घ्या म्हणणारं कुणी तरी लागतं. नम्रता ताट घेऊन फिरली. “घ्या ना काका. एवढासा तर आहे. भाभी, तुम्ही काहीच घेतलं नाही. भाई, पाव तुमचाच आहे, लाजताय काय? आई, अर्धा तरी.” बघता बघता ताट रिकामं झालं.

“ब्येस झालंय,” पोपटकाका बोटं पुसत म्हणाले. “आता जेवाण कवा?”

स्टार्टर म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि स्टार्टरच्या पुढे काय, हे राजेशला कुणी सांगितलं नव्हतं. नम्रता परत आत गेली. तिथे वालाचं बिरडं तयार होतं आणि भाताचा कुकर लावायचाच बाकी होता. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, म्हणजे हे काम पार्टीच्या बरंच आधीपासून चाललेलं असणार. बहुधा बेत जाहीर झाला त्याच संध्याकाळपासून. राजेशच्या परवान्यात याची नोंद नव्हती.

सगळे पोटभर जेवले. मग सत्कार झाला. शाल आणि नारळ फ्रिजवर काढून ठेवलेलेच होते. पार्टीत सत्कार आहे एवढंच फोनवर कळलेल्या पोपटकाकांनी शाल उलगडली आणि अॅप्रनमध्ये उभ्या असलेल्या राजेशच्या खांद्यावर घातली आणि नारळ त्याच्या हातात दिला.

“आमच्या घरात असा पुरुष पयलाच,” ते म्हणाले. “पाव्हन्यांना सोताच्या हातानं करून घातलं. लय केलंस रं पोरा.”

टाळ्या पडल्या. भागूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. रुकय्याभाभींनी ब्रुशेटा कसा करायचा ते विचारलं, आणि राजेश म्हणाला, “अगदी सोपं आहे.” चूक झालीय हे त्याला कळत होतं. त्याला लाजही वाटली, खरोखर वाटली, आणि सांगायला त्यानं तोंडही उघडलं. पण टाळ्या चालू होत्या, आणि चालू काम मध्येच थांबवणं धोक्याचं असतं. शाल उबदार होती. हातातला नारळ त्यानं नम्रताला दिला.

“उद्या वाटणाला होईल,” तो म्हणाला.

“होईल,” नम्रता म्हणाली आणि हातातला डाव खाली ठेवून तिनं नारळ घेतला. तिची खुर्ची तोवर पोपटकाकांच्या पिशवीनं घेतली होती.

राजेशला कुणी हसू नये. नम्रताचं अभिनंदन त्या संध्याकाळी एकानंही केलं नाही हे खरं, पण सगळ्यांचं लक्ष त्या पावांचं काय होतंय याच्याकडे होतं, आणि वाचकहो, तुमचंही तिकडेच होतं. तसं नसेल, तर वर न बघता एवढंच सांगा, की नम्रताला बढती कशाची मिळाली होती?

(लेखकालाही वर जाऊन बघावं लागलं.)