सोनालीचा तक्ता

समज, तुझ्या घरी रोज दोनशे कडक भाकरी होतात. पापडासारख्या पातळ, मोडली की कडकन आवाज करणाऱ्या. आणि एका सोमवारी त्या वाकायला लागतात, मोडतच नाहीत. तू काय करशील?

भवानी पेठेतल्या केराबाईंच्या घरी हेच झालं. दुकानदार रुद्रप्पांनी भाकरीची घडी घालून दाखवली. "केराबाई, भाकरी हाय का हातरुमाल? शनिवारी अशीच आली तर मी दुसरीकडनं घेनार."

घर हादरलं. केराबाईंनी ज्वारी बदलली. त्यांचे यजमान हरिबा यांनी चुलीचं लाकूड बदललं. शेजारच्या गंगम्मांनी पिठातलं मीठ बंद करायला लावलं. सगळं एकाच दिवशी! भाकरी मऊच.

"तुमच्या लाकडानंच घात केला."

"अन् तुजी ज्वारी काय सोन्याची हाय व्हय?"

केराबाईंची आठवीतली मुलगी सोनाली मधे पडली. "बाबा, शाळेत बाईंनी शिकवलंय. व्हेरिएबल म्हंजे प्रयोगात बदलणारी गोष्ट. एका टायमाला एकच बदलायची, बाकी हाय तसंच ठेवायचं. तवाच कळतं, कशानं काय झालं."

"मग तुजी आईच व्हेरिएबल हाय की. घडीघडीला बदलती! मी बग, वीस वर्सं हाय तसाच."

"त्येच तर दुखनं हाय," केराबाई म्हणाल्या.

सोनालीनं भिंतीवर तक्ता चिकटवला. मंगळवारी फक्त ज्वारी वेगळी: मऊ. बुधवारी जुनी ज्वारी, फक्त लाकूड वेगळं: मऊ. गुरुवारी फक्त मीठ बंद: मऊ. शुक्रवारी काहीच न बदलता, सगळं पहिल्यासारखं ठेवलं.

आणि शनिवारी सकाळी भाकरी कडकन मोडली!

"माज्या हाताचा गुन," केराबाई म्हणाल्या.

"जाळ कुनी घातला?" हरिबांनी मिशीवरून हात फिरवला.

"मी सांगितलेलं की!" गंगम्मा दारातून ओरडल्या. काय सांगितलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

रुद्रप्पांनी भाकरी मोडली, कान देऊन आवाज ऐकला आणि टोपल्या उचलल्या. सगळे हसत होते. एकटी सोनाली तक्त्यासमोर उभी होती. काहीच बदललं नाही, मग भाकरी कशी बदलली?

तिची नजर अंगणातल्या दोरीकडे गेली. तिची हिरवी चादर तिथं वाळत होती, कालच धुतलेली. गेल्या रविवारपासून सोनाली रात्री भाकरींच्या टोपल्यांशेजारी अभ्यासाला बसायची. धूळ बसू नये म्हणून गरम भाकरींवर चादर पांघरायची आणि पहाटे उचलायची. वाफ आतच कोंडायची. फक्त काल रात्री चादर नव्हती.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारणारही नव्हतं. आत आईबाबांचं श्रेयावरून गोड भांडण रंगलं होतं.

सोनालीनं पेन्सिल घेतली. तक्त्यात आणखी एक रकाना आखला, वर लिहिलं 'चादर', खाली 'सोनालीनं घातली'. मग आत वळून हाक मारली, "आई, बाबा, जरा हितं या. भांडन मिटलं."