बोकड, गॉगल आणि अर्धा किलो

काष्टीच्या आठवडी बाजारात, लिंबाच्या झाडाजवळ, सकाळी अकरा वाजता एकवीस शेळ्या, सहा बोकड, एक इलेक्ट्रॉनिक काटा आणि दोन कॉन्टॅक्ट लेन्स होत्या. लेन्स अजिनाथच्या डोळ्यांत होत्या. हे फक्त त्याला आणि त्याच्या मुलीला, दिशाला माहीत होतं.

अजिनाथ नुसतं बघून जनावराचं वजन सांगायचा. तीस वर्षं बाजार त्याच्या शब्दावर चालला. मागच्या तीन बाजारांत मात्र अंदाज चुकला आणि कानिफनाथ व्यापाऱ्याने काटा आणला. आज एका बोकडावर फैसला होता. अजिनाथचा आकडा अर्ध्या किलोच्या आत आला तर त्याचा शब्द कायम, नाहीतर यापुढे काटाच.

चष्मा लावला असता तर 'नजर गेली' म्हणून लोकांनी आधीच निकाल लावला असता. म्हणून लेन्स. दिशा डोळे तपासण्याचं शिक्षण नुकतंच पुरं करून आली होती.

"लेन्स फक्त बुबुळ झाकते, आबा. बाकी डोळ्याला ऊन लागतंच. गॉगल आणि टोपी पाहिजेच."

"गॉगल लावून बोकड बघू? लोक म्हनतील इलेक्शनला हुबा ऱ्हायला."

लोक तसं म्हणाले नाहीत. ते तीन हात मागे सरकले.

"अजिनाथभाऊचे डोळे आलेत!" कोणीतरी ओरडलं.

"न्हाई आले!"

"मंग काढा की गॉगल," कानिफनाथ म्हणाला.

अजिनाथने गॉगल काढला आणि नेमका शेजारून मेंढरांचा कळप गेला. धुळीने डोळे लालभडक झाले, पाणी वाहू लागलं. लोक सहा हात मागे गेले. अजिनाथचे हात डोळ्यांकडे गेले, तशी दिशाने दोन्ही मनगटं धरली.

"चोळायचं नाही!"

"सोड गं, लई टोचतंय!"

"बापाला रडवलं पोरीनं," कानिफनाथ हळहळला.

दिशाने आबाला सावलीत बसवलं. साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि त्याच्या डोळ्यातून बोटाच्या टोकावर एक पारदर्शक थेंबासारखी वाटी काढली. लोक सहा हात पुढे आले. बाटलीतल्या औषधाने तिने ती धुतली आणि परत डोळ्यात बसवली. मग दुसरी.

"म्हंजे नजर तुमची न्हाई?" कानिफनाथने हळूच विचारलं.

"बघनारा मीच हाय," अजिनाथ म्हणाला. त्याने गॉगल लावला, बोकडाकडे पाहिलं आणि बघतच राहिला. "दिशे, ह्याचा केसन् केस येगळा दिसतोय गं. डोळ्यातली बाहुली आडवी हाय ह्याची! तीस वर्सं बघतोय, आन् हे कधी दिसलंच न्हाई."

"वजन सांगा, भाऊ," कानिफनाथ म्हणाला.

"दाढीला थेंब हाय. आत्ताच पाजलंय ह्याला. पानी सोडून त्रेचाळीस किलो."

"पानीबिनी काय न्हाई. काट्यावर येईल ते खरं."

बोकड काट्यावर चढला. आकडा थांबला : ४३.७६०. दोनशे साठ ग्रॅमने सगळं गेलं होतं. दिशाने मान खाली घातली.

अजिनाथ अजून बोकडाकडेच बघत होता. "थांबा. उतरवू नका. पाठ वाकवतोय त्यो."

बोकडाने मागचे पाय फाकले. काट्याच्या जाळीतून धार खाली पडू लागली आणि मातीत मुरत गेली. अख्खा बाजार ती संपायची वाट बघत होता. मग सगळे एकदम आकड्यावर वाकले.

४३.४१०.